रिफंडचं बटण सेटिंग्जमध्ये का जाऊन बसतं?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ॲपनी आपापली दुकानं आवरती घेतली. त्या निमित्ताने जी चर्चा झाली ती दोनच रुळांवरून धावली. एक बाजू म्हणत होती, हे खेळ म्हणजे व्यसन, पोरं वाया चालली, सगळंच बंद करा. दुसरी बाजू म्हणत होती, सज्ञान माणसाने आपले पैसे कुठे उडवावेत हे सरकारने सांगू नये आणि मुलांकडे त्यांच्या आईबापांनी बघावं. खेळणाऱ्यांच्या आपसातल्या गप्पांत मात्र तिसरंच काही चालू असतं. नवा मेनू भिकार आहे, बटणं कुठच्या कुठे नेऊन ठेवली आहेत, एक डाव खेळायचा तर आधी पाच-सहा खिडक्या बंद कराव्या लागतात. या तक्रारीला ठरलेलं उत्तर असतं: रडू नकोस, होईल सवय. माझ्या मते खरा प्रश्न या रडगाण्यातच आहे आणि बाकीचे दोघे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पडद्याची मांडणी हा आवडीनिवडीचा विषय आहे तोवर कंपनीने हवे ते रंग फासावेत. पण ज्या पडद्यावर पैशाचा व्यवहार होतो, तिथलं प्रत्येक बटण हे कराराचं कलम आहे आणि ते कलमासारखंच तपासलं गेलं पाहिजे. नव्या कायद्याचा सगळा रोख जिंकण्याच्या आशेने लावलेल्या पैशावर आहे. फुकट खेळू देणारा आणि आत बंदुकीचे रंग, पोशाख, पेट्या विकणारा खेळ जिथे होता तिथेच आहे, आणि त्याची बटणंही.

माझ्या भाच्याच्या फोनवर असा एक गोळीबाराचा खेळ आहे. नाव महत्त्वाचं नाही, या जातीचे खेळ इथूनतिथून सारखेच. उघडल्यावर थेट लॉबीत, म्हणजे डाव सुरू करायच्या मुख्य पडद्यावर, जाताच येत नाही. आधी नव्या सीझनची जाहिरात, मग दोन दिवसांत संपणारं क्रेट, म्हणजे विकत घ्यायची पेटी, मग आज आल्याबद्दल बक्षीस, मग मित्रांना बोलावण्याचा आग्रह. प्रत्येक खिडकीची फुली वेगळ्या कोपऱ्यात. एक फुली पांढऱ्यावर फिकट राखाडी, एक दोन-तीन सेकंद थांबून मग उगवणारी. आधीच्या खिडकीत जिथे फुली होती, पुढच्या खिडकीत नेमकं तिथेच पिवळंधमक ‘मिळवा’ बटण. कसंबसं लॉबीत पोहोचावं तर प्रत्येक चित्राच्या डोक्यावर लाल ठिपका, आणि तो घालवायचा तर आत जाऊन दुकानाला प्रदक्षिणा घालून यावं लागतं. टॉप-अपचं, म्हणजे पैसे भरायचं, अधिक चिन्ह मात्र कधी शोधावं लागत नाही. ते प्रत्येक पडद्यावर, उजवीकडे वर, एकाच जागी असतं. बाकी सगळा मेनू तीनदा बदलला तरी ते हललेलं नाही. ज्यांना एक बटण इतकं अचूक ठेवता येतं, त्यांना बाकीच्या फुल्या तेवढ्या जमल्या नाहीत, असं मानायचं का?

हा संशय म्हणून सोडून देता आला असता. पण एका खेळाच्या बाबतीत त्याची कागदोपत्री चिरफाड झालेली आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ चालवणाऱ्या एपिक गेम्सशी ५२ कोटी डॉलरचा समझोता जाहीर केला. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खासगी माहितीच्या प्रकरणातला दंड म्हणून होते. उरलेले साडेचोवीस कोटी खेळणाऱ्यांना परत करायचे होते, आणि त्याचं कारण होतं बटणांची मांडणी. आयोगाचा आरोप असा की खेळ स्लीप मोडमधून जागा करायला बटण दाबलं तर खरेदी होत होती, पडदा लोड होत असताना दाबलं तरी खरेदी होत होती, आणि एखादा पोशाख नुसता बघायला जाताना शेजारच्या बटणावर बोट पडलं तरी खरेदीच. कार्ड आधीच साठवलेलं, मधे ‘नक्की घ्यायचं का?’ असं विचारणारं कोणी नाही. चुकीच्या वसुलीबद्दल कार्ड कंपनीकडे दाद मागितली तर खात्याला कुलूप लागायचं, आणि आधी रीतसर पैसे मोजून घेतलेला मालही आत अडकायचा. दहा लाखांवर तक्रारी आल्या, कंपनीतल्या लोकांनी वारंवार बजावलं, तरी ढिम्म काही हललं नाही, असं आयोगाने म्हटलं.

त्या तक्रारपत्रातला एक प्रसंग मला सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो. खरेदी रद्द करून पैसे परत मागण्याची सोय खेळात होती. ती मेनूतल्या सेटिंग्जमध्ये ठेवली होती, जिथे माणूस आवाज नाहीतर चित्राचा दर्जा बदलायला जातो. कंपनीने खेळाडू बसवून चाचणी घेतली, तेव्हा त्यातल्या एकालाही ती सापडली नाही. डिझायनरने हे वर कळवलं आणि सोपी करू का, असं विचारलं. वरिष्ठांकडून निरोप आला तो असा की आहे तिथे ती अगदी उत्तम आहे. आता मला सांगा, याला वाईट डिझाइन कसं म्हणायचं? ज्या कामासाठी ती जागा निवडली ते काम ती चोख करत होती, आणि ते चोख होतंय की नाही हे मोजूनही झालं होतं. खेळाडू ज्याला ‘यूआय (पडद्याची मांडणी) बनवणाऱ्याला अक्कल नाही’ म्हणतात, तिथे अक्कल भरपूर असते. ती कोणाच्या बाजूने लावली आहे, एवढंच बघायचं. समझोता म्हणजे कोर्टाने दोषी ठरवणं नव्हे, हेही इथे सांगायला हवं. कंपनीची बाजू अशी होती की कायदा तोच आहे, तो लावायची पद्धत बदलली, आणि या धंद्यात वर्षानुवर्षं चालत आलेली रीत आता पुरेशी राहिलेली नाही. बचाव म्हणून हे प्रामाणिक आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की एकटी एपिक तशी नव्हती. रीतच ती होती. पुढे त्याच खेळात खरेदीचं बटण काही क्षण दाबून धरायची आणि घेतलेलं लगेच रद्द करायची सोय आली. डिसेंबर २०२४ मध्ये ७ कोटी २० लाख डॉलर आणि जून २०२५ मध्ये आणखी १२ कोटी ६० लाख डॉलर खेळणाऱ्यांना परत गेले. खेळ बंद पडला नाही.

आता विरोधी बाजूचं म्हणणं. त्यातलं पहिलं म्हणजे खेळाडूंना कुठलाच बदल आवडत नाही. हे शंभर टक्के खरं आहे. २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळायचा तर स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान बसवलंच पाहिजे अशी सक्ती झाली, तेव्हा लोकांनी त्या शेवाळी हिरव्या खिडकीला शिव्यांची लाखोली वाहिली होती. आज तेच लोक त्या हिरव्या रंगाच्या आठवणी काढतात. मेनू डावीकडून उजवीकडे नेला की दंगा होतो, महिन्याभरात बोटांना वळण पडतं आणि सगळे गप्प होतात. डिझायनरने प्रत्येक आरड्याओरड्यापुढे मान तुकवली तर कुठलाच खेळ सुधारायचा नाही. मान्य. पण बोटांना वळण पडतं ही गोष्ट दोन्हीकडून वापरता येते. एका पडद्यावर जे बटण नुसतं बघायला असतं तेच दुसऱ्या पडद्यावर विकत घ्यायला ठेवलं, तर आपल्या सवयीच्या जोरावर आपलेच पैसे कापले जातात. आणि ‘सवय होते’ हा पुरावा कसला? सवय वाईटाचीही होते. तक्रार मेनू न सापडल्याची आहे की पैसे गेल्याची, एवढा फरक केला तर या वादातला निम्मा धुरळा खाली बसेल. पहिली तक्रार खुशाल कचऱ्यात टाका.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: खेळ फुकट आहे. सर्व्हर फुकट चालत नाहीत, फसवून खेळणाऱ्यांना पकडणारी यंत्रणा फुकट मिळत नाही. शंभरातले बहुसंख्य खेळणारे एक रुपयाही देत नाहीत. थोडे जण पोशाख विकत घेतात आणि त्यावर सगळ्यांचा खेळ चालतो. माझ्या पिढीत कॉम्प्युटरवरचा चांगला खेळ विकत घेणं पुण्या-मुंबईतल्या मोजक्या घरांना परवडायचं, बाकीचे चोरलेली सीडी फिरवायचे. आज माजलगावचा किंवा चाळीसगावचा मुलगा साध्या फोनवर, देशभरातल्या पोरांशी बरोबरीने, एक पैसा न देता खेळतो. ही समता लहान नाही, आणि ‘सगळं बंद करा’ म्हणणाऱ्यांना ती दिसतच नाही म्हणून मला त्यांचा राग येतो. विकलेल्या पोशाखाने बंदूक जास्त जोरात चालत नाही, हेही खरं. मग कंपनीने कमवायचं नाही का? जरूर कमवावं. प्रश्न हा आहे की चुकून दाबलेल्या बटणातून आलेला पैसा कमाईत धरायचा का. जो पोशाख हवा म्हणून घेतला त्याचे पैसे सर्व्हरला जावोत, कोणाची हरकत नाही. पण जो घ्यायचाच नव्हता त्याच्यावर कंपनीचा हिशेब टेकलेला असेल, तर ती आपला सर्व्हर लोकांच्या चुकांवर चालवत आहे, असा अर्थ होतो. आणि परतीची वाट सोपी केली की धंदा बुडतो, ही भीती एकदा प्रत्यक्षात तपासूनही झाली आहे. स्टीमवर कित्येक वर्षं घेतलेला खेळ परत करायची सरसकट सोय नव्हती. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह हिला कोर्टात खेचलं आणि २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. तो निकाल येण्याआधीच, जून २०१५ मध्ये, स्टीमने नियम केला: घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कारण काहीही असो, पैसे परत. छोटे खेळ बनवणाऱ्यांनी त्यावर बोंब मारली, आणि दीड तासात संपणारा खेळ बनवणाऱ्याची बोंब अगदीच गैर नव्हती. पण दुकान? २०२५ मध्ये तिथे एकाच वेळी ४ कोटींहून जास्त लोक हजर होते.

तिसरा मुद्दा आईबापांचा: मुलांकडे त्यांनीच बघावं. हा युक्तिवाद ऐकला की मला सुपं आठवतं. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि पुढचे काही आठवडे पुणे-नगर भागात गावोगाव तेच घडत राहिलं. मारहाण फारशी झाली नाही. लोकांना कर्जरोखे हवे होते, ते हाती लागले की होळी करत. रोख्यावर अंगठा शेतकऱ्याचाच असे. कोर्ट रोखा बघे, अंगठा बघे आणि हुकूमनामा देई. तू अंगठा दिलास ना? मग वाचून द्यायचास. तेव्हाच्या सुशिक्षितांनाही यात वावगं दिसत नव्हतं, कारण सज्ञान माणसाने केलेला करार हा करार. पण १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला त्याने दोन गोष्टी केल्या. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर झाला पाहिजे असं ठरवलं, आणि कोर्टाला सांगितलं की अंगठ्यापाशी थांबू नका, रोख्याच्या मागे जा, पहिल्या रुपयापासून देण्याघेण्याचा इतिहास उलगडा. तेव्हाही हाकाटी झालीच: कराराचं स्वातंत्र्य गेलं, आता शेतकऱ्याला कोणी उभं करणार नाही. दीडशे वर्षांनी त्या हाकाटीचे शब्दही फारसे बदललेले नाहीत. बटण दाबणं हा आजचा अंगठा आहे. ‘बटण तुझ्याच मुलाने दाबलं ना?’ असं विचारणाऱ्याला त्या बटणाच्या मागे जायचं नसतं. बाप खोलीत नाही, तो शेतात आहे, दुकानात आहे, लोकलमध्ये लटकलेला आहे. त्याची परवानगी मागायची जागा त्या पडद्यावरच असायला हवी, आणि पडदा कंपनीचा आहे.

‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा गोळीबाराचा खेळ २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा अठराखालच्यांसाठी दोन मर्यादा जाहीर झाल्या: दिवसाला तीन तास खेळ आणि दिवसाला ७००० रुपये खर्च. वेळेच्या मर्यादेवर पुष्कळ बोललं गेलं. सात हजारांवर फारसं कोणी थबकलं नाही. शाळकरी मुलाने एका दिवसात सात हजार रुपये खर्चणं ही ज्या घरात ‘मर्यादा’ ठरेल, अशी घरं या राज्यात किती? शिवाय ते सात हजार मुलाला रुपयांत दिसतच नाहीत. या खेळांत रुपये आधी खेळातल्या नाण्यांत बदलून घ्यावे लागतात. फोर्टनाइटमध्ये व्ही-बक्स, बीजीएमआयमध्ये यूसी. नाणी ठरावीक गठ्ठ्यांतच मिळतात, वस्तूची किंमत त्या गठ्ठ्याशी सहसा जुळत नाही, थोडी कमी पडतात नाहीतर थोडी उरतात, आणि उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून पुढचा गठ्ठा. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर किंमत रुपयांत छापलीच पाहिजे, हा दंडक आपल्याकडे १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांपासून रुळलेला आहे. छापील किमतीवरून गावातली म्हातारीही दुकानदाराशी भांडते. मग पोशाखाखाली नाण्यांच्या आकड्याशेजारी रुपयांचा आकडा टाकायला काय अडचण आहे? युरोपातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये जी तत्त्वं मांडली त्यांत सगळ्यात आधी हेच मागितलं: किंमत खऱ्या पैशात दाखवा, आणि नको असलेली नाणी गळ्यात मारू नका. घड्याळाचंही तसंच. नेदरलँड्सच्या प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये एपिकला ११ लाख २५ हजार युरोचा दंड केला, त्यातला अर्धा उलट्या घड्याळांबद्दल होता. दुकानातला माल चोवीस तासांत जाणार असं घड्याळ सांगत होतं आणि त्यातला बराचसा माल त्यानंतरही तिथेच मिळत होता. यात रुचीचा प्रश्न कुठे आला? घड्याळ खरं असतं नाहीतर खोटं.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मलाही अडवतो: हे सगळं ठरवणार कोण? सरकार? ज्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर फॉर्म भरताना शेवटच्या पानावर सेशन संपतं, ते आता खेळातल्या बटणांचा आकार सांगणार? हसू येतं, आणि त्यात भीतीही आहे. चांगल्या हेतूने केलेला कायदा उलटतो हे दख्खनच्याच इतिहासात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली ती कर्ज घेणाऱ्या कुळाच्या भल्यासाठी. सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागले. उद्या ‘खरेदीआधी दोनदा विचारा’ असा नियम केला तर कंपन्या कशालाही दोनदा विचारतील आणि लोक डोळे मिटून दोनदा दाबतील. म्हणून मला बटणांचं मोजमाप सांगणारा कायदा नको आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्याच्या मांडणीबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात फसवणुकीचे १३ प्रकार नावानिशी दिले आहेत: खोटी घाई, नकार देणाऱ्याला ओशाळं करणं, सतत टुमणं लावणं, रद्द करण्याची वाट अवघड करणं वगैरे. यादी चांगली आहे. पण वर वर्णन केलेल्या लॉबीत यातले चार-पाच प्रकार एका दमात दिसतात आणि चर्चा मात्र सगळी ई-कॉमर्सची, विमानाच्या तिकिटांची. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स मंचांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करा आणि आमच्याकडे असले प्रकार नाहीत असं स्वयंघोषणापत्र द्या. सावकाराने स्वतःचीच वही तपासून शेरा मारावा, तसला हा प्रकार. बाहेरून पडदा बघून हेतू कळत नाही. फिकट फुली हा गाढवपणा आहे की डाव, यावर वकील जन्मभर भांडतील. पण या कंपन्या एकही बटण अंदाजाने ठेवत नाहीत. निम्म्यांना एक मांडणी, निम्म्यांना दुसरी दाखवतात, कुठली जास्त पैसे आणते ते मोजतात आणि तीच ठेवतात. म्हणजे हेतू लिहिलेला असतो, आकड्यांसकट, त्यांच्याच कपाटात. फोर्टनाइटचं प्रकरण उभं राहिलं ते पडद्याच्या चित्रांवर कमी आणि कंपनीच्या आतल्या निरोपांवर जास्त. १८७९ च्या कोर्टाला रोख्याच्या मागे जाण्याची मुभा दिली होती, तशी इथे पडद्याच्या मागे जाण्याची हवी: रिफंडची जागा ठरवताना काय चाचणी घेतली, तिचा निकाल काय आला, आणि तो बघून कोणी काय ठरवलं. यासाठी नवं विधेयक लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्राधिकरणाला चौकशीचे आणि कागदपत्रं ताब्यात घेण्याचे अधिकार दिलेले आहेत. स्वयंघोषणापत्र गेमिंग कंपन्यांकडूनही मागवा, आणि त्याला हे चाचणीचे अहवाल जोडायला सांगा. जी कंपनी म्हणेल की आम्ही अशा चाचण्या घेतच नाही, तिच्या गुंतवणूकदारांनाही ते ऐकायला आवडेल.